‘रोज दोनदा घासतो’ या उत्तरावर किती भिस्त ठेवायची? दातांची निगा मोजायची कशी?

अर्धविराम

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या वार्षिक आरोग्य तपासणीच्या अर्जात तोंडाच्या निगेबद्दल पाच-सहा प्रश्न घालायचे आहेत. आत्ताचा मसुदा असा: दिवसातून किती वेळा दात घासता, किती मिनिटं घासता, फ्लॉस (दातांमधल्या फटी साफ करायचा दोरा) वापरता का, माउथवॉश वापरता का, ब्रश किती महिन्यांनी बदलता.

मसुदा दिसायला ठीक आहे, पण अशा प्रश्नांची उत्तरं आणि तोंडातली स्थिती यांचा मेळ बसत नाही. ‘दोनदा, दोन मिनिटं’ लिहिणाऱ्याच्याही खालच्या पटाशीच्या दातांमागे किटण सापडतं, हिरड्यांच्या कडा लाल असतात. म्हणजे एकतर उत्तर चढवून लिहिलेलं असतं, नाहीतर घासणं खरोखर होतं पण कामाचं होत नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून हे आधी उलगडायला हवं.

ही तफावत नेमकी कुठे पडते? दवाखान्यात न जाता, घरच्या आरशासमोर माणसाला स्वतःची निगा आकड्यात मोजता येईल का? आणि अर्जात काय विचारलं तर खरं उत्तर मिळेल? ‘नियमित घासा’ हे सगळ्यांना माहीत आहे. मापं, पायऱ्या आणि कारणं सांगितलीत तर उपयोग होईल.

उपदाढ

तफावत दोन्हीकडून पडते, पण माझ्या मते मोठा वाटा ‘कामाचं होत नाही’ याचा आहे. जर्मनीतल्या गीसेन विद्यापीठात लोकांचं दात घासणं कॅमेऱ्यात टिपून पाहिलं गेलंय. गालाकडच्या बाजूवर बराचसा वेळ जातो आणि जिभेकडची बाजू कित्येकदा नुसती वरवर उरकली जाते किंवा राहूनच जाते. ‘जमेल तितकं उत्तम घासा’ असं सांगून घासायला लावलं, तरी हिरडीच्या कडेला बऱ्याच ठिकाणी थर (दातांवर बसणारा जंतूंचा चिकट लेप, म्हणजे प्लाक) शिल्लक राहतो. तेव्हा सगळा दोष आळसाला देता येणार नाही. कुठे घासायचं हेच हाताला शिकवलेलं नसतं.

दोन मिनिटांचा हिशोब एकदा मांडून बघा. ब्रशचं डोकं एका वेळी दोन-तीन दात झाकतं. एका जबड्याची बाहेरची बाजू म्हणजे साधारण ६ ठिकाणं, आतली बाजू आणखी ६. दोन्ही जबडे मिळून २४. प्रत्येक ठिकाणी ४ सेकंद दिले तर ९६ सेकंद झाले. चावायच्या पृष्ठभागांचे चार भाग, प्रत्येकी ५ सेकंद, हे आणखी २०. बेरीज ११६. म्हणजे दोन मिनिटं हा ऐसपैस वेळ नाही, कसाबसा पुरणारा आहे. पाऊण मिनिटात उरकणाऱ्याची निम्म्याहून जास्त ठिकाणं सुटतात, आणि हाताचा रस्ता ठरलेला असल्यामुळे रोज तीच सुटतात. खरं नुकसान तिथे होतं. आज एक जागा राहिली, उद्या दुसरी, तर फारसं बिघडत नाही. तीच जागा आठवडेच्या आठवडे राहिली की हिरडी सुजते.

किती दिवसांत? याचं उत्तर १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी दिलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. यातून दोन गोष्टी कळतात: एखादी रात्र चुकली म्हणून लगेच हिरडीचा आजार होत नाही, आणि सुरुवातीची सूज पूर्ण परतवता येते. मात्र थर तसाच राहिला तर काही दिवसांतच त्यात लाळेतले क्षार बसायला लागतात आणि त्याचं किटण होतं. ते ब्रशने निघत नाही, कितीही जोर लावा.

किटण खालच्या पुढच्या दातांमागेच का, तर जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही ते लवकर धरतं, कारण कानाजवळच्या मोठ्या लाळग्रंथीची नळी तिथे गालातून उघडते. लाळेतलं कॅल्शियम त्या दातांना सगळ्यांत आधी मिळतं. म्हणून या दोन जागी किटण दिसलं तर लगेच ‘हा माणूस घासतच नाही’ असं ठरवू नका. पण या दोन जागा सोडून इतरत्रही ते दिसत असेल, तर रोजची निगा नक्की कमी पडतेय.

पद्धत थोडक्यात. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश. केस हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर, ४५ अंशांत हिरडीकडे झुकवून ठेवायचे. जागेवरच, अर्ध्या दाताच्या रुंदीपेक्षा कमी, थरथरवल्यासारखी हालचाल आणि मग चावायच्या बाजूकडे हलकेच झाडून घ्यायचं. पुढच्या दातांच्या आत ब्रश आडवा बसत नाही. तिथे तो उभा धरून टोकाचे केस वापरायचे. सुरुवात खालच्या दातांच्या आतल्या बाजूने करा. लक्ष आणि उत्साह पहिल्या अर्ध्या मिनिटात जास्त असतो, तो सगळ्यांत दुर्लक्षित जागेवर खर्च होऊ द्या.

जोर किती लावायचा हे मोजताही येतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ब्रशचे केस टेकवून दाबा. १५० ते २०० ग्रॅम दाखवेल तेवढा दाब पुरे. ४०० च्या पुढे जाणारे पुष्कळ असतात. त्यांचा ब्रश महिन्याभरात फिसकटतो आणि सुळे व उपदाढांच्या मानेशी आडव्या खाचा पडतात. तिथे जबडा वळतो आणि ब्रश त्या वळणावर सगळ्यांत जोरात घासला जातो.

बारीकदोरा

घरच्या घरी आकड्यात मोजायचं असेल तर थर रंगवणाऱ्या गोळ्या वापरा. औषधांच्या दुकानात किंवा दंतवैद्याकडे मिळतात. रंग बहुतेक एरिथ्रोसिन, म्हणजे लाल. दोन रंगांच्या प्रकारात ताजा थर गुलाबी आणि जुना थर निळा-जांभळा दिसतो. शिकण्यासाठी दुसरा प्रकार जास्त चांगला, कारण रोज सुटणाऱ्या जागा त्यात वेगळ्या कळतात.

करायचं असं. नेहमीसारखं घासून घ्या, मुद्दाम जास्त नको. ओठांना व्हॅसलीन लावा. पुढच्या दातांवर दातांच्या रंगाचं जुनं फिलिंग असेल तर त्यावरही बोटाने थोडं लावा, नाहीतर कडेला रंग धरतो. एक गोळी चावून लाळेत विरघळवा, ३० सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा, थुंका आणि पाण्याने एकदाच हलकी चूळ भरा. दोन-तीनदा चूळ भरली तर पुसट थर धुऊन जातो आणि आकडा खोटा कमी येतो. मग आरसा, टॉर्च आणि शक्य असल्यास तोंडात घालायचा छोटा आरसा घ्या. जीभ आणि ओठ काही तास रंगलेले राहतात, तेव्हा हे रात्रीच करा. खाण्याच्या रंगाची अॅलर्जी असेल तर करूच नका.

मोजण्याच्या दोन रीती आहेत. सविस्तर रीत ओलेरी यांची, १९७२ ची. प्रत्येक दाताच्या चार बाजू धरायच्या: गालाकडची, जिभेकडची, पुढच्या दाताकडची, मागच्या दाताकडची. चावायची बाजू मोजायची नाही. हिरडीलगत रंग दिसला की ती बाजू ‘आहे’, नाही दिसला तर ‘नाही’. किती गडद ते बघायचं नाही. २८ दात असतील तर ११२ बाजू. त्यातल्या ३९ रंगल्या तर ३९ भागिले ११२, म्हणजे सुमारे ३५ टक्के. मूळ उद्दिष्ट १० टक्के किंवा कमी असं आहे. ते कडक आहे. पहिल्याच मोजणीत आकडा खूप वर आला तर घाबरून जाऊ नका, महिन्याभराने पुन्हा मोजा आणि उतरतोय का ते बघा.

घाईची रीत ग्रीन आणि व्हर्मिलियन यांची, १९६४ ची. यात सहाच पृष्ठभाग बघायचे: वरच्या दोन्ही पहिल्या मोठ्या दाढांची गालाकडची बाजू, खालच्या दोन्ही पहिल्या मोठ्या दाढांची जिभेकडची बाजू, आणि वरचा उजवा व खालचा डावा मधला दात, दोन्हींची ओठाकडची बाजू. थर नाही तर ०, एक तृतीयांशापर्यंत १, दोन तृतीयांशापर्यंत २, त्याहून जास्त ३. बेरजेला ६ ने भागा. ०.६ पर्यंत चांगलं, ०.७ ते १.८ मध्यम, १.९ पासून पुढे वाईट. सरावाने तीन-चार मिनिटांत होतं. तपासणीच्या दिवशी रांग असेल तर हीच रीत झेपेल.

एक सूचना. घासण्याआधी मोजलं तर दिवसभरात किती साठतं ते कळतं, घासल्यानंतर मोजलं तर हात कुठे पोचत नाही ते कळतं. दोन्ही आकडे एकाच रकान्यात भरले की सगळा तक्ता निरुपयोगी होतो. कागदावर ‘आधी’ की ‘नंतर’ हे लिहायचंच.

तक्ताबंद

प्रश्नावलीबद्दल लिहितो, दातांचं वरच्या मंडळींनी नीट सांगितलंय.

‘दिवसातून किती वेळा’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर लहानपणापासून सगळ्यांना पाठ असतं. त्यामुळे माणूस स्वतःची सवय सांगत नाही, नियम सांगतो. खोटं बोलायचा हेतू असेलच असं नाही. ‘साधारणपणे’ असा विचार करताना चुकलेल्या रात्री डोक्यातून गळतात. यावर उपाय म्हणजे सवय विचारू नका, ठरावीक दिवस विचारा: ‘काल रात्री शेवटचं काही खाल्ल्या-प्यायल्यानंतर, झोपण्याआधी दात घासले होते का?’ एका माणसाचं कालचं उत्तर फारसं काही सांगत नाही, पण दोनशे अर्जांची बेरीज केलीत की खरं प्रमाण समोर येतं.

‘किती मिनिटं’ काढून टाका. आपण घासायला किती वेळ घेतो याचा अंदाज जवळजवळ प्रत्येकाचा फुगलेला असतो. त्याऐवजी ‘वेळ बघण्यासाठी घड्याळ किंवा टायमर वापरता का?’ असं विचारा, हो किंवा नाही.

चुकण्याबद्दल विचारताना प्रश्नातच मोकळीक द्या: ‘थकवा, प्रवास, उशीर यामुळे रात्रीचं घासणं राहून जातं. गेल्या ७ रात्रींत असं किती वेळा झालं?’ कोरा आकडा लिहायला जागा ठेवा. ‘कधीच नाही / क्वचित / कधीकधी / नेहमी’ असे पर्याय दिलेत तर सगळे ‘क्वचित’ वर खूण करतील, आणि क्वचित म्हणजे एकासाठी महिन्यातून एकदा, दुसऱ्यासाठी आठवड्यातून दोनदा.

‘ब्रश किती महिन्यांनी बदलता’ याचं उत्तर ‘तीन’ असंच येईल. ‘आत्ताचा ब्रश कोणत्या महिन्यात काढला?’ हे विचारा. आठवत नसेल तर तेही उत्तरच आहे, त्याला वेगळा चौकोन द्या.

घरात मोजायचं असेल तर कुणाला काही न विचारता करण्याजोगी एक रीत आहे. दहा वेळा ब्रशवर घ्याल तेवढी पेस्ट एका वाटीत काढून तोला, दहाने भागा. समजा एका वेळेला १ ग्रॅम निघाली. चार मोठी माणसं, दिवसाला आठ वेळा, म्हणजे आठवड्याला ५६ ग्रॅम संपायला हवी. सोमवारी आणि पुढच्या सोमवारी ट्यूब तोला. २५-३० ग्रॅमच संपली असेल तर घरात सरासरी एकदाच घासलं जातंय. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून हा आकडा ढोबळच. पण फरक निम्म्याचा असेल तर तो यातून नक्की दिसतो.

लंबक

इतकं सगळं करण्यापेक्षा टायमर आणि दाब सांगणारा दिवा असलेला विजेवरचा ब्रश घ्यायला सांगितलं तर निम्मा प्रश्न सुटत नाही का? कॉक्रेन (वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) हिच्या २०१४ च्या आढाव्यात हाताच्या ब्रशच्या तुलनेत पहिल्या तीन महिन्यांत थर ११ टक्के कमी आणि त्यानंतर २१ टक्के कमी आढळला. हिरड्यांची सूज अनुक्रमे ६ आणि ११ टक्के कमी. वेळ आणि जोर, दोन्हींवर यंत्र लक्ष ठेवतं.

उपदाढ

आकडे बरोबर आहेत आणि ब्रश चांगलाच आहे. संधिवाताने बोटं आखडलेली असतील किंवा हात कापत असेल तर मी तोच सुचवेन. पण तो ब्रश कुठे टेकवायचा हे शेवटी हातच ठरवतो. जिभेकडची बाजू सोडणारा माणूस विजेवरच्या ब्रशनेही तीच सोडतो. शिवाय बरेच जण तो हाताच्या ब्रशसारखा मागेपुढे घासतात. त्याची रीत वेगळी: एकेका दातावर दोन-तीन सेकंद नुसता धरायचा, हिरडीच्या वळणाने सरकवायचा, पुढच्या दातावर न्यायचा. दुसरं म्हणजे दातांमधल्या फटीत यातला कोणताच ब्रश शिरत नाही.

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. ‘काल रात्री’ वाला प्रश्न घेतोच. फटींबद्दल विचारायचं होतं. ‘फ्लॉस वापरता का’ याला बहुतेक उत्तरं ‘नाही’ किंवा ‘रक्त येतं म्हणून सोडलं’ अशी येतात. रक्त येत असताना चालू ठेवायला सांगणं बरोबर आहे का? आणि फ्लॉस की फटीतला बारीक ब्रश, अर्जासोबतच्या माहितीपत्रकात कोणाचं नाव लिहायचं?

बारीकदोरा

चालू ठेवायला सांगणंच बरोबर आहे. रक्त येतं कारण तिथली हिरडी आधीच सुजलेली आहे, आणि ती सुजली कारण तिथला थर निघालेला नाही. रक्त बघून ती जागा सोडली की थर वाढतो, सूज वाढते, रक्तही वाढतं. लोकांना उलटं वाटतं, आणि निगा सुटण्याचं हे फार मोठं कारण आहे. हलक्या हाताने रोज साफ केलं तर साधारण एक ते दोन आठवड्यांत रक्त थांबायला हवं. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर खाली किटण किंवा खोल खिसा (हिरडी दातापासून सुटून झालेली पोकळी) असतो आणि तो दंतवैद्यानेच बघायचा. निरोगी हिरडी आणि दात यांमधली खोली १ ते ३ मिलिमीटर असते. ४ किंवा त्याहून जास्त झाली की तळापर्यंत घरचं कोणतंही साधन नीट पोचत नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी कळवा, पण त्या कारणाने साफ करणं सोडू नका.

इथे एक धोक्याची गोष्ट. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, आजार असला तरी. त्यामुळे ‘रक्त येत नाही’ हे त्यांच्या बाबतीत हिरड्या चांगल्या असल्याचं लक्षण धरता येत नाही. अर्जात तंबाखूचा प्रश्न दुसरीकडे कुठे असेलच, तो या प्रश्नाशी जोडून वाचा. मधुमेहाचंही तसंच: साखर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा आजार जास्त आणि लवकर होतो.

फ्लॉस की बारीक ब्रश, हे फटीवर ठरतं. दाताला पाच बाजू असतात, त्यातल्या दोन शेजाऱ्याला टेकलेल्या, आणि तिथे साधा ब्रश शिरत नाही. हिरडी फट पूर्ण भरून असेल, साधारण तरुण वयात असते तशी, तर फ्लॉस. हिरडी थोडी खाली सरकून त्रिकोणी फट दिसत असेल तर बारीक ब्रश. कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्याचा कल बारीक ब्रशच्या बाजूने आहे, पण पुरावा भक्कम नाही असं तिथेच म्हटलंय.

बारीक ब्रशचा आकार चुकतो तेव्हा सगळंच वाया जातं. जोर न लावता जाईल असा सगळ्यांत मोठा आकार घ्यायचा. केस दोन्ही दातांना घासले पाहिजेत, पण मधली तार दाताला लागता कामा नये. तो सैल फिरत असेल तर काही साफ होत नाही. एकाच तोंडात पुढे एक आणि दाढांत दुसरा असे दोन आकार लागणं नेहमीचं आहे. पेस्ट लावायची गरज नाही. आत-बाहेर दोन-तीनदा, धुवायचा, पुढची फट. तार वाकली किंवा केस झडले की टाकायचा.

फ्लॉस साधारण ४५ सेंटिमीटर घ्या. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, एका बोटावर बराचसा, दुसऱ्यावर थोडा. अंगठा आणि तर्जनीत दोन-तीन सेंटिमीटर ताणलेला ठेवा. करवतीसारखा हलवत दोन दातांमधून उतरवा, झटका देऊन नको. झटक्याने हिरडी कापली जाते आणि मग ‘फ्लॉसने जखम होते’ असं पसरतं. उतरला की एका दाताभोवती वळवून त्याला बिलगवा, हिरडीच्या कडेखाली अलगद शिरेपर्यंत न्या आणि वर-खाली चार-पाच वेळा घासा. मग त्याच फटीतला दुसरा दात. दुसरा दात विसरणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. पुढच्या फटीला दोऱ्याचा नवा भाग. फ्लॉस एकाच ठिकाणी रोज फाटत किंवा अडकत असेल तर तिथे फिलिंगची कड वर आलेली असते, किटण असतं किंवा कीड असते. ती जागा दाखवून घ्या.

उपदाढ

मसुद्यातला माउथवॉशचा प्रश्न काढून त्या जागी हा घाला: ‘दात घासून झाल्यावर पाण्याने चूळ भरता का?’ बहुतेक जण खळखळून भरतात आणि पेस्टमधला फ्लोराइड बेसिनमध्ये सोडून देतात. कीड रोखणारा भाग तोच आहे. मुलांमध्ये फ्लोराइडच्या पेस्टने कीड सरासरी २४ टक्के कमी होते, असं कॉक्रेनच्या २००३ च्या आढाव्यात आहे. मोठ्या माणसांसाठी १३५० ते १५०० पीपीएमची (दशलक्ष भागांत इतके भाग फ्लोराइड) पेस्ट, फेस नीट थुंकून टाकायचा, चूळ नाही, पुढे अर्धा तास खाणं-पिणं नाही. सुरुवातीला चव राहते, काही दिवसांत सवय होते. घासल्याबरोबर साधा माउथवॉश वापरणंही नुकसानीचंच, कारण त्यातला फ्लोराइड पेस्टपेक्षा बराच कमी असतो, काहींत नसतोच. हवा असेल तर दुपारी जेवणानंतर वापरा.

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक माउथवॉशचा वेगळा विचार करा. ते औषध आहे. ०.२ टक्क्यांचं १० मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आणि सांगितलं असेल तितकेच दिवस. आठवडेच्या आठवडे चाललं तर दात तपकिरी होतात आणि चव बिघडते. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकाने त्याचा असर कमी होतो, म्हणून घासणं आणि ते यांत निदान अर्धा तास जाऊ द्यावा.

आणखी एक. कीड आणि हिरडी हे दोन वेगळे हिशोब आहेत, अर्जात ते एकत्र करू नका. उत्तम घासणाऱ्यालाही कीड लागते, कारण साखर. साखर तोंडात गेली की काही मिनिटांत थरातला पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली येतो आणि इनॅमल (दातावरचं कठीण कवच) विरघळायला लागतं. लाळेला ते सावरायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून एकूण साखर किती यापेक्षा ती किती वेळा, याला जास्त महत्त्व. साखरेचं पेय दिवसभर घोट घोट पिणाऱ्याचे दात सावरतच नाहीत. प्रश्न असा ठेवा: ‘काल मुख्य जेवणं सोडून किती वेळा काही गोड खाल्लं किंवा प्यायलं?’

दुधाचेदात

माहितीपत्रक कर्मचाऱ्यांच्या घरी जाणार असेल तर मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी दोन परिच्छेद जरूर घाला. घरात त्यांची निगा सगळ्यांत आधी सुटते.

पहिला दात दिसला की घासणं सुरू. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. पेस्ट मोठ्यांनीच लावायची. सात-आठ वर्षांपर्यंत दिवसातून एकदा तरी, शक्यतो रात्री, मोठ्यांनी घासून द्यायचं. मुलाच्या मागे उभं राहून त्याचं डोकं आपल्या पोटाशी टेकवा, एका हाताने ओठ बाजूला करा. समोरून घासलं तर दाढा दिसत नाहीत. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. एकही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांच्या लक्षातच येत नाही. ती बरेच महिने शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, सरळ फिरवलेला ब्रश तिच्यावरून निघून जातो, आणि तिच्या खोल खाचांत कीड लवकर शिरते. ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून ती एकटी घासावी लागते.

म्हातारपणी हिरडी उतरून मुळं उघडी पडतात. मुळावर इनॅमल नसतं आणि मूळ पीएच ६ च्या वर असतानाच विरघळायला लागतं. वर औषधांनी तोंड कोरडं पडलेलं असतं. अशांना दंतवैद्य ५००० पीपीएमची पेस्ट लिहून देऊ शकतात. कवळी रात्री काढून, साध्या साबणाने आणि मऊ ब्रशने घासून, पाण्यात ठेवायची. दातांच्या पेस्टने घासू नये, बारीक ओरखडे पडून त्यांत थर धरतो. आणि उकळतं पाणी अजिबात नको, कवळी वाकडी होते.

अर्धविराम

नवा मसुदा:

१. काल रात्री शेवटचं काही खाल्ल्या-प्यायल्यानंतर दात घासले होते का?
२. गेल्या ७ रात्रींत किती वेळा राहून गेलं?
३. घासताना टायमर वापरता का?
४. घासल्यावर पाण्याने चूळ भरता का?
५. फटी साफ करण्यासाठी गेल्या ७ दिवसांत किती दिवस काही वापरलं? काय?
६. आत्ताचा ब्रश कोणत्या महिन्यात काढला?
७. काल मुख्य जेवणं सोडून किती वेळा गोड?
८. हिरड्यांतून रक्त येतं का?

तपासणीच्या दिवशी सहा पृष्ठभागांची मोजणी रंग लावून करू. अजून काही?

तक्ताबंद

आठवा प्रश्न सैल आहे. ‘गेल्या ७ दिवसांत थुंकीत किंवा ब्रशवर रक्त दिसलं का?’ असा करा, आणि ‘पाहिलं नाही’ हा पर्याय द्या. पाचव्यात ‘काय?’ ला उत्तराची जागा मोकळी सोडा; टाचणी, काडी, नख असली उत्तरं आली तर तीही तशीच नोंदवा. आणि अर्ज रंगाच्या मोजणीच्या आधी भरून घ्या. आरशात लाल दात बघितल्यावर माणूस आठवणारं उत्तर बदलतो.

बारीकदोरा

पहिल्याच्या आधी एक चाळणीचा प्रश्न हवा: स्वतःचे दात किती, कवळी आहे का, तारा लावल्या आहेत का. पूर्ण कवळी असेल तर १ ते ६ लागू नाहीत. सहांपैकी एखादा दात नसेल तर दाढेच्या जागी तिच्या मागची दाढ, मधल्या दाताच्या जागी शेजारचा मधला दात घ्या. तोही नसेल तर ती जागा सोडा आणि भागाकार जितके पृष्ठभाग मोजले तितक्याने करा. तोंडात किमान दोन पृष्ठभाग तरी मोजता आले पाहिजेत, नाहीतर त्या माणसाचा आकडा धरू नका. मोजणी सकाळी असेल तर त्या दिवशी घरून नेहमीसारखं घासूनच यायला सांगा आणि घासल्याला किती तास झाले ते कागदावर लिहा.